सिलिंग फॅनच्या खालचा आवाज

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. ठाण्यात थंडी म्हणजे फार तर पंधरा-वीस दिवस, त्यातही रात्री सिलिंग फॅन बंद करून झोपता येईल अशा मोजून आठ-दहा रात्री, आणि त्यातल्याच एका रात्री साडेबाराच्या सुमारास मी हॉलच्या कोपऱ्यात गेम खेळत बसले होते आणि मागे दिवाणावर अण्णा उठून बसले. अण्णा म्हणजे माझे सासरे. मी हेडफोन काढला, विचारलं, "आवाजानं जाग आली का तुम्हाला?"

"आवाजाचं काही नाही गं. आवाजात तीस वर्षं काढलीत मी. तो मधेच चढतो आणि मधेच उतरतो ना, त्यानं जाग येते. एकसारखा ठेव, मग कितीका असेना."

पाणी प्यायले आणि परत आडवे झाले. मी पीसी बंद करून टाकला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. चार वर्षं मी त्याच हॉलमध्ये रात्री खेळतेय आणि ते एका शब्दानं कधी बोलले नव्हते, आणि बोलले तेही मी विचारलं म्हणून.

आमचं घर वन बीएचके, मानपाड्याला. बेडरूममध्ये पलंग आणि कपाट सोडलं तर मुलाची सायकल ठेवायला जागा नाही, त्यामुळे माझा पीसी हॉलमध्ये आणि अण्णांचा दिवाणही हॉलमध्ये. सकाळी डबे, मग ऐरोलीचं ऑफिस, संध्याकाळी मुलाचा अभ्यास, जेवणं, ओटा आवरून होईपर्यंत अकरा वाजतात आणि मग जो तास-दीड तास उरतो तो माझा. त्यात मी शहरं वसवते. म्हणजे शहर वसवायचा गेम आहे, रस्ते आखायचे, पाण्याच्या लाइनी टाकायच्या, बसचे मार्ग ठरवायचे. मी दरवेळी तलावापासून सुरुवात करते, तलावाभोवती रस्ता, मग देऊळ असावं तिथं बाग, मग स्टेशन. वस्ती लाखाच्या पुढे गेली की मात्र गेम रखडायचा, माणसं पाण्यात चालल्यासारखी चालायची आणि पीसीचे पंखे नुसते किंचाळायचे.

पीसी मी २०२० च्या सुरुवातीला स्वतः जुळवला होता, स्वतःच्या बोनसमधून. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चा बोर्ड, १६ जीबी रॅम, चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, विंडोजसाठी छोटी एसएसडी आणि बाकी सगळ्यासाठी एक टीबीची हार्ड डिस्क. तेव्हा आवाजाचा विचारच केला नव्हता, कारण ठाण्यात वर्षातले अकरा महिने डोक्यावर सिलिंग फॅन गरगरत असतो आणि त्याच्या आवाजाखाली पीसीचा आवाज बुडून जातो. थंडीत तो बंद झाला की मग खालचं सगळं ऐकू येतं.

रविवारी मी साइडचं पॅनल उघडलं आणि पंखे बदलायची यादी करायला बसले. अण्णा पेपर वाचत होते, म्हणाले, "बदलायचं काय ते आधी ऐक तरी." आणि उठून माळ्यावरची त्यांची पेटी काढायला लावली. अण्णा वागळे इस्टेटमध्ये एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्स फिटर होते. दुपारच्या सुट्टीत पॉवर प्रेसच्या शेजारी पुठ्ठा टाकून लोक झोपायचे आणि प्रेस बंद पडली की त्या शांततेनं जाग यायची, हे ते नेहमी सांगतात. पेटीतून त्यांनी लाकडी मुठीचा लांब डिसमिस काढला. मूठ हाताच्या घामानं काळपट आणि काचेसारखी गुळगुळीत झालेली. त्याचं टोक पंख्याच्या चौकटीवर टेकवलं, मुठीचं बूड कानाच्या पुढच्या हाडावर दाबलं आणि डोळे मिटले.

मी आधीच सांगून ठेवलं होतं की बोर्डाला कुठंही टेकवायचं नाही, फक्त पंख्याच्या चौकटीला आणि डिस्कच्या अंगाला. ते सावकाश एकेक करत गेले. मागचा पंखा ऐकला, "हा बरा आहे." पुढचा वरचा, "हाही." पुढच्या खालच्याला जरा जास्त वेळ थांबले. "याचा बुश गेलाय. कोरडा पडलाय. घे, ऐक."

मी डिसमिस हातात घेतला. आधी काहीच कळलं नाही, नुसती घरघर. मग त्यांनी माझा हात धरून मूठ अर्धा इंच पुढे सरकवली आणि एकदम डोक्याच्या आत आवाज यायला लागला, कोरड्या पानांवरून कुणी चालतंय तसा, खर्र-खर्र, दर फेऱ्याला एकदा. आणि बाजूच्या पंख्याला लावला तर नुसती वाऱ्याची सळसळ. बाहेरून मला दोन्ही सारखेच वाटत होते. आम्ही ज्याला स्लीव्ह बेअरिंग म्हणतो तो अण्णांचा बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती नुसती एक नळी आणि तेलाचा पातळ थर, तेल सुकलं की धातू धातूला घासायला लागतो. "शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाक, सहा महिने चालेल," म्हणाले, आणि तो थेंब खरंच टाकला आणि नवे पंखे येईपर्यंत तो चालला.

मग हार्ड डिस्कच्या अंगाला टोक लावलं आणि भुवई वर गेली. "हा बघ तुझा चोर." तिथं एकच सूर होता, जाड, न थांबणारा घोंऽऽ. त्यांनी दुसरा तळहात केसच्या, म्हणजे पीसीच्या खोक्याच्या, पत्र्यावर सपाट दाबला आणि खोलीतली गुणगुण अर्धी झाली. हात काढला, परत आली. डिस्क ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे, सेकंदाला १२०, आणि ती थरथर स्क्रूमधून पिंजऱ्यात आणि पिंजऱ्यातून पत्र्यात उतरत होती, डिस्क इवलीशी पण वाजत होता तो दीड फुटी पत्रा. मी चार वर्षं ज्याला पंख्याचा आवाज समजत होते त्यातला निम्मा हा होता आणि मी पंख्यांवर पाच हजार घालवायला निघाले होते!

पण अण्णांना जाग येत होती ती याने नाही. घोंऽऽ तर एकसारखाच होता. चढ-उतार होता तो प्रोसेसरच्या कूलरचा. या प्रोसेसरचा मूळ तुकडा नखाएवढा आहे, त्यामुळे जरा काम पडलं, ब्राउझरचा एक टॅब उघडला, गेमनं आपोआप सेव्ह केलं, की तापमान दोन सेकंदांत दहा-पंधरा डिग्रीनं उसळतं आणि लगेच खाली येतं. आणि माझ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये पंखा त्या प्रत्येक उसळीमागे धावत होता. वर, खाली, वर, खाली, रात्रभर. मी हेडफोन लावून बसलेली, मला काय कळणार. ज्याला कळत होतं तो माणूस पाठीमागे अंधारात डोळे मिटून पडलेला होता.

पुढचे दोन महिने मी या विषयात अक्षरशः बुडाले. मला आधी वाटायचं की वेगवान पीसी हवा तर आवाज सोसायचा आणि शांत हवा तर वेग सोडायचा. तसं नाहीये. पीसीत जितके वॅट आत जातात तितके सगळेच्या सगळे उष्णता होऊन बाहेर पडतात, आणि आवाज म्हणजे ती उष्णता बाहेर हाकलायची धडपड. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड फार तापलं तर ते स्वतःच वेग कमी करतं, म्हणजे वेगही तिथंच अडतो आणि शांतताही तिथंच. आणि पंख्याचं गणित तर मला इतकं आवडलं की मी ते ऑफिसात जेवताना लोकांना सांगायचे. पंखा निम्म्या वेगानं फिरवला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरच कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. याउलट एकाच्या जागी तसेच दोन पंखे लावले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. म्हणजे एक छोटा पंखा जिवाच्या आकांतानं पळवण्यापेक्षा दोन मोठे सावकाश फिरवणं कधीही चांगलं.

वेगासाठी काय बदलायचं याचा मात्र बराच घोळ होता. सगळे म्हणत होते ग्राफिक्स कार्ड बदल. पण मी गेम चालू असताना आकडे बघितले, कार्ड निम्मं रिकामं बसलेलं आणि प्रोसेसर गळ्यापर्यंत बुडालेला. साहजिक आहे, लाखभर माणसांनी कुठून कुठे जायचं, कुठल्या सिग्नलला थांबायचं, हा हिशोब प्रोसेसरच करतो. आणि त्याच जानेवारीच्या शेवटी रायझन ७ ५७००एक्सथ्रीडी बाजारात आला, माझ्याच जुन्या एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत, बसणारा. पहिले रायझन २०१७ मध्ये आले तेव्हापासून तोच सॉकेट आणि सात वर्षांनी त्यात नवा प्रोसेसर, मला याचं फार अप्रूप वाटतं. बोर्ड फेकायचा नाही, रॅम फेकायची नाही. आपल्याकडे मिक्सरचं भांडं दहा-दहा वर्षं दुरुस्त करून वापरतात, त्यातलं काहीतरी यात आहे.

त्याची खुबी म्हणजे कॅश, प्रोसेसरच्या आतलीच छोटी पण झटपट मेमरी. स्वयंपाकघरातलं सांगायचं तर रॅम म्हणजे माळ्यावरचे डबे, शिडी लावल्याशिवाय हात पोचत नाही, आणि कॅश म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा. माझ्या ३६०० मध्ये हा डबा, म्हणजे एल३ कॅश, ३२ एमबीचा होता. नव्यात ९६, कारण प्रोसेसरच्या तुकड्यावर ६४ एमबीचा आणखी एक पातळ थर चढवलाय. शहराच्या गेममध्ये तीच तीच माहिती सारखी लागते, त्यामुळे शिडी लावायची वेळच कमी येते. फक्त त्या वरच्या थरामुळे खालची उष्णता बाहेर यायला जरा जड जाते, म्हणून जुना बसका कूलर चालणार नव्हता, टॉवर कूलर हवा होता. तो उंच असतो, केसमध्ये बसेल का हे अण्णांनी स्टीलच्या फूटपट्टीनं तीनदा मोजलं.

एका शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडला गेले. कागदोपत्री तो डॉ. भडकमकर मार्ग आहे पण तसं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. तीन दुकानांत भाव काढला. एका दुकानात विचारलं, "मॅडम, मुलासाठी घेताय का?" मी म्हटलं नाही, माझ्यासाठी, आणि मला ५७००एक्सथ्रीडी हवाय, ५७००एक्स नकोय, दोन वेगळे आहेत. मग नीट बोलला. प्रोसेसर, चार हीटपाइपचा कूलर, १४० एमएमचे दोन पंखे, एक टीबीची एनव्हीएमई, म्हणजे न फिरणारी, बिनआवाजाची डिस्क, आणि प्रोसेसर नि कूलरच्या मधे लावायच्या पेस्टची छोटी ट्यूब. सगळं मांडीवर घेऊन ठाण्यापर्यंत आले.

नवा प्रोसेसर घालायच्या आधी जुन्यावरच बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं आणि त्या चार-पाच मिनिटांत लाइट गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. त्या दिवशी दुपारी दोनदा लाइट गेली होती. शेजाऱ्यांकडून यूपीएस आणला, तो आधी अर्धा तास नुसता चालवून बघितला आणि मगच बटण दाबलं. स्क्रीनवरची पट्टी सरकत होती तेवढा वेळ घरात कुणी बोललं नाही, मुलगासुद्धा.

मग जुना कूलर काढणं. एएम४ च्या प्रोसेसरला खाली १३३१ बारीक पिना असतात आणि चार वर्षांत पेस्ट सिमेंटसारखी होते, कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी पंधरा मिनिटं गेम चालवून तो गरम केला, बंद करून लगेच स्क्रू सोडले आणि कूलर न उचलता नुसता डावीकडे-उजवीकडे पिळत राहिले, चिकट झाकण उघडताना करतो तसं. बराच वेळ काही नाही. मग एक हलकी 'चप्प' झाली आणि तो तरंगल्यासारखा सुटला. प्रोसेसर जागेवर होता. मी किती वेळ श्वास धरला होता ते तेव्हा कळलं.

पुढचं भराभर झालं. हार्ड डिस्क बाहेर काढून तिला यूएसबीच्या डबीत घातली, आता ती फक्त फोटो ठेवायला, बाकी वेळ कपाटात. पुढच्या बाजूला केसला अख्खी ॲक्रिलिकची काळी पाटी होती, दिसायला देखणी पण हवेला वाटच नाही, अण्णांनी हॅकसॉच्या पात्यानं तिच्यात मोठी चौकट कापली, कडा पॉलिश पेपरनं घासल्या आणि आतून खिडकीला लावतो ती डासांची जाळी ताणून चिकटवली. नवी केस घ्यायचा बेत तिथंच संपला. ग्राफिक्स कार्ड तेच ठेवलं, फक्त आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा व्होल्टेज १.०५ वरून ०.९ वर आणला. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खाल्ली जाते, त्यामुळे एवढ्याशा बदलानं १२५ वॅटचं कार्ड नव्वदच्या आसपास आलं आणि खेळताना फरक मला तरी दिसला नाही. फ्रेम, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, ६० ला बांधल्या. बांधल्या नाहीत तर नुसत्या मेनूवरसुद्धा कार्ड शेकडो फ्रेम काढत बसतं, कुणी न बघणाऱ्या.

एका गोष्टीनं मात्र दोन दिवस खाल्ले. सगळं नवं, तरी गेम हवा तसा पळेना. शेवटी लक्षात आलं की बायोस अपडेट केलं की जुनी सेटिंगं पुसली जातात आणि माझी ३२०० ची रॅम निमूट २१३३ वर बसली होती. एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग, परत चालू केलं आणि शहर धावायला लागलं. जिथं लाखाला रखडायचं तिथं आता अडीच लाख वस्ती आहे आणि संध्याकाळच्या गर्दीत प्रत्येक बस आपापल्या वेगानं जाताना दिसते. पहिल्या रात्री मी काहीच बांधलं नाही, नुसती तलावाच्या कडेनं कॅमेरा फिरवत बसले.

आणि अण्णांचं वाक्य. त्यासाठी एक पैसा लागला नाही, फक्त बायोसमध्ये अर्धा तास. पंख्याला सांगितलं की ७० डिग्रीपर्यंत एकाच वेगानं फिर, आणि त्यावर गेलं तरी लगेच धावू नकोस, थोडं थांब, खरंच टिकून राहतंय का बघ, मग हळूहळू चढ. या प्रोसेसरची मर्यादा ९० ची आहे त्यामुळे ७०-७५ ला घाबरायचं कारण नाही. मला आधी वाटायचं शांत म्हणजे कमीत कमी डेसिबल. आता मी मुद्दाम पंखे अगदी तळाशी नेले नाहीत, जरा वरच ठेवले, म्हणजे काम वाढलं तरी त्यांना हलावं लागत नाही. लोक तापमान आणि डेसिबलचे आकडे लावून भांडतात, आणि झोपलेल्या माणसाचा कान आकडा मोजतच नाही, तो फक्त काही बदललं का हे ऐकत असतो. हे माझं मत आहे आणि मी ते आता कुणाशीही वाद घालून मांडायला तयार आहे.

मे महिन्यात खरी परीक्षा झाली. कुठलाही हवेचा कूलर खोलीपेक्षा गार करू शकत नाही, आणि आमच्या हॉलमध्ये रात्री अकराला ३३ डिग्री होते. आदल्या मेमध्ये कार्ड ८१ ला जायचं, या वेळी ७० वर थांबलं. प्रोसेसर ७४. पण तेव्हा सिलिंग फॅन पाचवर होता त्यामुळे कानाचं काही कळणार नव्हतं, त्यासाठी डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं.

डिसेंबरात एका रात्री अण्णांनी स्वतःच उठून फॅन बंद केला आणि गोधडी ओढून झोपले. मी थोडा वेळ खेळले, मग हेडफोन काढून नुसती ऐकत बसले. फ्रीज ऐकू आला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू आला, तो इतका मोठ्यानं चालतो हे माहीतच नव्हतं. खाली घोडबंदर रोडवरून ट्रक गेला. पीसी होता, नाही असं नाही, कुठंतरी खाली, दूरच्या नळासारखा एकसारखा. आणि अण्णांचा श्वास.

सकाळी चहा देताना त्यांनी विचारलं, "काल खेळली नाहीस का?"

"खेळले की. दीड वाजेपर्यंत."

"हं," म्हणाले, आणि पेपरचं पान उलटलं.

मेट्रो चारचं काम चालू असल्यानं रस्त्यावरची धूळ आमच्या खिडकीतून थेट त्या जाळीवर येऊन बसते, दीड-दोन महिन्यांत तिची राखाडी गोधडी होते. म्हणून महिन्याआड एका रविवारी आम्ही पॅनल उघडतो. जाळी मी बाथरूममध्ये धुऊन उन्हात टाकते, मग ब्लोअर. ब्लोअरच्या वाऱ्यानं पंखा मोकळा सोडला तर तो वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते, म्हणून पाती धरून ठेवावी लागतात. मुलगा टॉर्च धरतो. अण्णा खुर्ची पुढे ओढतात, चष्मा कपाळावर सरकवतात, पंख्याच्या मधोमध एक बोट ठेवतात आणि म्हणतात, "हं, मार."